चिबडाचा सत्कार

मी सरपंच झाले त्यात माझं कर्तृत्व शून्य. जागा बाईची निघाली, गावातल्या दोन्ही पार्ट्यांना न बोलणारी बाई हवी होती, आणि लग्नाला वीसेक वर्षं होऊनही चुलत सासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पदराखाली माझं काय काय चाललेलं असतं हे कुणी विचारायच्या भानगडीत पडलं नाही. या चुलत सासऱ्यांना अख्खं गाव आप्पा म्हणतं. माझं नाव त्यांनीच सुचवलं. "गरीब गाय हाय," म्हणाले. मला तेव्हाच शिंग मारावंसं वाटलं होतं.

माझं माहेर केंदूरचं. टँकरचा हॉर्न वाजला की आम्ही बहिणी हातातली भाकरी टाकून हंडे घेऊन पळायचो. सासर दौंडात, केडगाव स्टेशनापासून फार लांब नाही. नवी नवरी म्हणून आले तेव्हा वस्तीच्या अलीकडं आमच्या ह्यांनी मला हळूच सांगितलं, "तिकडं बघू नको, बाकी गाव चांगलं हाय." अर्थातच मी तिकडंच बघितलं. वरून येणारा ओढा तिथं पसरून बसला होता. कुठं घोटाभर पाणी, कुठं गुडघाभर चिखल, पाणकणसं, लव्हाळा, मधे दोन म्हशी डोळे मिटून. या जागेला गावात चिबड म्हणतात. पीक येत नाही, बैल रुततो, चप्पल गेली तर ती परत मिळत नाही. सगळ्या गावाला त्याची लाज. मी केंदूरची, मला वाटलं यांच्या दारात लक्ष्मी लोळतेय आणि हे मला मान वळवायला सांगतायत!

चिबडाच्या खालच्या अंगाला आमच्या वस्तीची विहीर आहे. वैशाखात बागायतदारांच्या बोरी नुसता वारा सोडायला लागतात तेव्हाही त्या विहिरीत पोहरा टाकला की लगेच पाण्याला टेकायचा. चाळीस घरं तिच्यावर. हे पाणी येतं कुठून, याचा विचार कुणी केला नव्हता. वर चिखल आहे आणि खाली विहीर आहे, एवढंच त्यांना ठाऊक. चार महिने तो चिखल पाणी पितो आणि आठ महिने गाळून गाळून आम्हाला देतो, हे मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? चिबड गेलं की विहीर गेली आणि विहीर गेली की आमच्या डोक्यावर केंदूरचा हंडा आला.

माझ्या पहिल्याच ग्रामसभेत आप्पा उठले. भांडगावकडं रस्त्याचं काम चाललं होतं, ठेकेदाराकडं मुरूम शिल्लक होता, तो टाकायला जागा शोधत होता. आप्पांचं म्हणणं, चिबड बुजवा आणि वर मंगल कार्यालय बांधा. सगळे हात वर. आमच्या ह्यांचाही हात वर, नंतर माझ्याकडं बघून अर्धा खाली.

मी पदर सावरला आणि विचारलं, "मग विहिरीचं काय?"

बाहेरची शेळीसुद्धा रवंथ थांबवून आत बघायला लागली.

"विहिरीचा आन् चिखलाचा संबंध काय?" आप्पा म्हणाले. "आमच्या घरी बोर हाय. आन् सरपंचबाई, गावातली लग्नं काय म्हशीच्या पाठीवर लावायची व्हय?"

सगळे हसले. मीही हसले, कारण वाक्य चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून तालुक्याला गेले. तिथं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून तिसऱ्यावर, जेवणाची सुट्टी, साहेब मीटिंगला, असं होता होता कळलं की पाणथळ जागांची पाहणी चालू आहे. समिती येऊन जागा बघते. जागा यादीत बसली की तिच्यात मुरूम टाकायचा नाही. मी तिथंच अर्ज लिहिला. येताना ह्यांनी गाडी थांबवून मला उसाचा रस पाजला आणि म्हणाले, "आता आप्पा आपल्याला वाळीत टाकतील."

आप्पा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांना कुणीतरी सांगितलं की उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो येतात, ते बघायला पुण्याहून गाड्याच्या गाड्या येतात, होडीवाले, खानावळवाले, सगळ्यांची चंगळ आहे. झालं! एका दुपारी अख्ख्या गावाचा धर्म बदलला. मंगल कार्यालय गेलं चुलीत. ज्याला त्याला पक्ष्यांचा पुळका आला. 'पक्षी स्वागत समिती' निघाली, आप्पा अध्यक्ष. उपाध्यक्षपदावरून दोन भावकींत बाचाबाची झाली म्हणून सात उपाध्यक्ष नेमले. ज्यांनी जन्मात चिबडाकडं ढुंकून पाहिलं नव्हतं ते सकाळी तांब्या घेऊन जायचे सोडून कॅमेरा घेऊन जायला लागले.

चिबडात पाखरं होतीच. बगळे, टिटव्या, पाणकोंबड्या आणि थंडीपासून आलेल्या लांब लाल पायांच्या शेकाट्या. आप्पांनी शेकाट्या बघितल्या आणि जाहीर केलं की ही फ्लेमिंगोची पिल्लं आहेत. मी म्हटलं, "आप्पा, ही शेकाटी. रंग पांढरा-काळा आहे." आप्पा म्हणाले, "रंग चढायचा हाय अजून." त्यावर सातही उपाध्यक्षांनी माना डोलावल्या. अध्यक्षांच्या पुढं कोण बोलणार? फ्लेक्स छापून आला. त्यावर आप्पा, सात उपाध्यक्ष, त्यांचे चिरंजीव, चिरंजीवांचे मित्र आणि खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा एक गुलाबी पक्षी. लांबून तो कुणाच्यातरी खिशाचा रुमाल वाटायचा.

आता आमच्या गावाचा एक रिवाज सांगायला हवा. आमच्याकडं सत्काराशिवाय पान हलत नाही. दहावी पास झाला, सत्कार. नापास होऊन पुन्हा बसला, धाडसाबद्दल सत्कार. कुणाचा ट्रॅक्टर आला, कुणी दवाखान्यातून घरी आलं, सत्कार. शाल, श्रीफळ, हलगी, फटाक्यांची माळ. एक शाल तर अशी आहे की ती गेली कित्येक वर्षं घराघरांतून फिरतेय, घडीसुद्धा कुणी मोडलेली नाही. समिती अमुक दिवशी येणार असा निरोप आला तेव्हा आप्पांनी बैठकीत सवाल टाकला. "पाखरं कुठून आल्यात? परदेशातून. एवढ्या लांबून पाव्हणं आलं, आन् आपुन साधा नारळ बी न्हाई फोडायचा? लोक काय म्हंतील?"

हे इतकं आमच्या गावाला धरून होतं की कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगते, मलाही नाही वाटलं. शाल कुणाला घालायची यावर तासभर खल झाला. शेवटी ठरलं की समितीच्या मॅडमनी पक्ष्यांच्या वतीनं सत्कार स्वीकारावा.

मग मंडप कुठं घालायचा हा प्रश्न आला. चिबडाच्या कडेला बाभळीची सावली होती तो वरचा कोपरा बरा, पण तिथं पाय घोट्यापर्यंत जायचा. खुर्च्या रुततील, मॅडमची गाडी रुतेल. आप्पा म्हणाले, ठेकेदाराकडून थोडा मुरूम घेऊ, तेवढाच कोपरा टणक करू. पंचायतीची परवानगी हवी. कागद माझ्यापुढं आला.

मी सही केली.

का केली हे मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं. भीती नव्हती, जबरदस्ती नव्हती. खुशीत केली. महिन्याभरापूर्वी जे मला हसले होते ते सगळे माझ्या बाजूनं बसले होते, आप्पांनी मला 'सरपंचबाई' म्हटलं त्यात पहिल्यांदाच खोच नव्हती, आणि मला ते फार गोड लागलं. एवढं मोठं चिबड, एक कोपरा गेला तर काय बिघडलं, असं वाटलं. जळो ती सही.

थोडा मुरूम म्हणजे किती, हे ठेकेदाराला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला तर मुरूम खपवायचाच होता. दोन दिवस डंपर येत होते. नंतर रोलर आला. मंडपासाठी म्हणून केलेली जागा एवढी झाली की तिथं बैलगाड्यांची शर्यत घेता आली असती. पाहुण्यांना पाखरं नीट दिसावीत म्हणून समोरची पाणकणसंही कापून काढली. मी ओरडले तेव्हा एक उपाध्यक्ष म्हणाला, "अहो वैनी, पाव्हणं यायच्या आधी घर झाडत न्हाईत का?"

समितीच्या दिवशी सकाळी चिबड भरलं होतं. कधी नव्हे इतकी पाखरं. उरलेल्या पाण्यात शेकाट्या ओळीनं उभ्या होत्या, जणू त्यांनाही आमंत्रणपत्रिका गेली होती. माझा ऊर भरून आला. लांबून मॅडमची गाडी दिसली, आप्पांनी हात वर केला, आणि हलगी सुरू झाली. हलगीवर पाखरं नुसती चुळबुळली. मग कुणीतरी हजाराची माळ लावली.

अख्खं चिबड उठलं. टिटव्यांनी आकाश डोक्यावर घेतलं, बगळे एकमेकांवर आपटले, शेकाट्यांची रांग लाल पाय मागं टाकून एकदम वर गेली आणि वळून नदीच्या दिशेनं दिसेनाशी झाली. माळ बराच वेळ वाजत राहिली. ती थांबली तेव्हा पाण्यावर एकसुद्धा पाखरू नव्हतं. फक्त धूर, आणि धुरातून दोन कार्यकर्ते टाळ्या वाजवत होते, कारण त्यांना वाटलं सलामी छान झाली.

मॅडम उतरल्या. चाळिशीच्या, पायांत बूट, हातात पाटी आणि कागद. सोबत एक मापं घेणारे. त्यांनी चिबडाकडं पाहिलं, मंडपाकडं पाहिलं, फ्लेक्सकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "पक्षी?" एवढंच विचारलं.

"आत्ता हुते," आप्पा म्हणाले. "आत्ता येतील. पाणी प्यायला गेल्यात."

"पाणी प्यायला?" मॅडमनी समोरच्या पाण्याकडं बोट केलं.

आप्पांनी एका उपाध्यक्षाला खूण केली. तो फटफटीवर गेला आणि पाऊण तासानं खुराड्यातून चार बदकं घेऊन आला. तोवर आम्ही मॅडमना चहा पाजला, पोहे दिले, परत चहा पाजला, आणि आप्पांनी आपल्या घरच्या बोरचं कौतुक ऐकवलं. बदकं शेडवरची, जन्मापासून सिमेंटवर वाढलेली. त्यांना पाण्याच्या कडेला सोडलं तर त्यांनी पाण्याकडं पाहिलं, घाबरली, आणि रांगेनं मंडपात येऊन पोह्यांच्या बशांवर तुटून पडली. पुढून हाकललं तर मागून येत. एक आप्पांच्या खुर्चीखाली जाऊन बसलं ते उठेना. मॅडमनी कागदावर काही लिहिलं नाही. मला वाटलं, संपलं! पक्ष्यांच्या रकान्यात भोपळा, आणि उद्यापासून डंपर.

मी वीस वर्षांचा पदर डोक्यावरून खांद्यावर टाकला. आप्पांसमोर. "मॅडम, हे सगळं राहू द्या," मी म्हटलं. "पाखरं आमच्या सत्काराला भिऊन पळाली, यात पाखरांचा दोष नाही आणि चिबडाचाही नाही. तुम्ही माझ्यासोबत शंभर पावलं खाली चला."

मी त्यांना विहिरीवर नेलं. मागून आप्पा, सात उपाध्यक्ष, हलगीवाले आणि तीन बदकं. विहिरीवर आप्पांची सून पाणी शेंदत होती. माझी ती धाकटी चुलत जाऊ. मंडपात सत्कार असो नाहीतर जगबुडी, घरी पाणी लागतंच. मासे, खेकडे, मेंढरांचा उन्हाळी चारा, सगळं मी बोलून गेले, पण मॅडमचं लक्ष जावेकडं होतं. विहीर तोंडाशी भरलेली, आणि ती एका हातानं पोहरा काढत होती.

"किती खेपा करता रोज?" मॅडमनी तिला विचारलं.

"आठ. कवा धा."

"कुणाच्या घरच्या?"

जावेनं पदर पुढं ओढला आणि मान वर न करता मागं बोट केलं. "ह्या अध्यक्षांच्या."

"पण तुमच्याकडं बोर आहे म्हणाले ते."

"हाय की," जाऊ म्हणाली. "दरसाली फाल्गुनापासनं वारा सोडती. आम्ही समदं हितलंच पितो, मामंजी बी. त्यांला कुणी सांगितलं न्हाई."

आप्पांचं तोंड उघडं राहिलं. मला हसू आलं आणि दुसऱ्या क्षणाला त्यांची दयाही आली. इतकी वर्षं रोज सकाळी तांब्या तोंडाला लावणाऱ्या माणसाला तो भरला कुठून हे ठाऊक नव्हतं. पुढं होऊन त्यांनी सुनेच्या हातातला दोर घेतला आणि एक पोहरा स्वतः शेंदला. निम्मा सांडला.

मॅडमनी मग लिहायला घेतलं. 'लोकांना होणारे फायदे' असा रकाना त्यांच्या कागदावर होता, तो भरून मागच्या बाजूवर गेला. मापं घेणाऱ्यानं टेप धरली. चिबड यादीत बसणार असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी ओरडायचीच बाकी होते. मग त्या मंडपापाशी थांबल्या.

"हा भाग सोडून," त्या म्हणाल्या.

"का? हाही चिबडच आहे! परवापर्यंत इथं पाणी होतं!"

"असेल. आज इथं रोलर फिरवलेली जमीन आहे, आणि पंचायतीच्या मंजुरीनं केलेली आहे. मी आज जे आहे तेच लिहू शकते." त्यांनी मंजुरीचा कागद माझ्याच फायलीतून काढून मला दाखवला. मला माझी सही वाचता येत होती.

चिबड वाचलं. गावानं माझा सत्कार ठेवला, मी गेले नाही. बाभळीचा तो कोपरा तेवढा यादीबाहेर राहिला, आणि तोच कोपरा असा की तिथं जमिनीतून पाण्याचा उमाळा फुटायचा. मेंढरं वळणाऱ्या एका म्हाताऱ्या मामांनी वैशाखात मला हे सांगितलं. मी म्हटलं, मामा, आधी का नाही बोललात? म्हणाले, "मला कुणी इचारलं? मंडपात मेंढरं आणू नका म्हणले, मी आलोच न्हाई."

विहीर एकेक हात खाली जायला लागली तेव्हा आम्ही मुरूम उपसायला घेतला. चौथ्या दिवशी नोटीस आली. मुरूम काढणं म्हणजे विनापरवाना उत्खनन. टाकायला माझी सही पुरली होती, काढायला जिल्ह्याची हवी होती. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! मग बायकांनी मार्ग काढला. विहिरीवर येताना प्रत्येकीनं रिकाम्या हंड्याबरोबर एक घमेलं आणायचं, चिबडावर जाऊन मुरमानं भरायचं आणि पाण्यासोबत घरी न्यायचं. बाईच्या घमेल्याची नोटीस अजून कुणी काढलेली नाही. दोन महिन्यांत वस्तीतली सगळी अंगणं मुरमाची झाली. आप्पाही आले, रोज एक घमेलं, त्यांच्या वयाला जास्त झेपत नाही.

खाली चिखल लागला तो दगडासारखा. रोलरनं दाबलेला. पावसाळ्यानं तो थोडा मऊ केला, कडेला लव्हाळ्याचे चार कोंब आले. उमाळा काही अजून फुटला नाही. मामा म्हणतात, फुटंल, फुटायचा बी न्हाई.

विहीर आटलेली नाही. पण उन्हाळ्यात पोहरा सोडला की दोर सरकत राहतो, आणि पाण्याला टेकल्याचा आवाज यायला वेळ लागतो. तेवढा वेळ काठावरच्या बायका गप्प असतात. सही कुणाची होती हे त्यांना सगळ्यांना माहीत आहे. तरी मी गेले की बाजूला सरतात आणि म्हणतात, "सरपंच, तुम्ही आधी भरा."